देवळाशेजारचं जुनं नाट्यगृह वाचवायचंय, सुरुवात कुठून करायची?

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. गावात देवस्थानच्या आवारात जुनं नाट्यगृह, चिऱ्याच्या (जांभ्याच्या) भिंती, मंगळुरी कौलं, लाकडी रंगमंच. छप्पर गळतंय, कंत्राटदार म्हणतो सगळं लाकूड कुजलंय, समितीतल्या काहींना ते पाडून आरसीसीचा हॉल बांधायचाय. सात-आठ मुलंमुली श्रमदानाला तयार आहेत पण पैसे नाहीत, आणि दोन वर्षं बंद ठेवून सगळं एकदमच करूया असा विचार चाललाय.

मी सिव्हिलचं काम करतो आणि कॉलेजपासून नाटकाच्या बॅकस्टेजला आहे, त्यामुळे फोंडा-पेडणे-सत्तरी भागातल्या अशा बऱ्याच वास्तूंच्या कामात हात लागलाय. सगळ्यात आधी एकच सांगतो, दोन वर्षं बंद ठेवू नका. उत्सवातलं नाटक एकही वर्ष चुकवू नका. छप्पर उघडं असेल तर बाहेर अंगणात मंडप घालून करा, पण करा. ज्या वर्षी नाटक होत नाही त्या वर्षी त्या इमारतीची चावी कुणाकडे आहे हेसुद्धा लोक विसरतात, मग मंडपवाल्याच्या खुर्च्या येतात, देवस्थानची जुनी भांडी येतात, उरलेली सिमेंटची पोती येतात आणि बघता बघता ते गोदाम होतं. गोदाम पाडायला कुणाची हरकत नसते.

मोठ्या वास्तूंचंही बघा. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं ते २०१६ ला उघडलं, आणि त्यांच्यामागे तर संस्थानिक मालक होते, नावाजलेले आर्किटेक्ट होते. आपल्या पणजीची कला अकादमी, चार्ल्स कोरियांची, तिचीही दुरुस्ती किती लांबली ते सगळ्यांनी बघितलंय, त्यातच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचा भाग कोसळला आणि नोव्हेंबर २०२३ ला ती परत सुरू झाली तोपर्यंत तालमी-प्रयोगांसाठी माणसं दुसरीकडे फिरत होती. सरकारी वास्तूची ही गत, तर गावचं नाट्यगृह बंद केलं तर ते उघडेल याची खात्री कोण देणार?

आता पाऊस चालू आहे, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यात चांगला सर्व्हेअर फुकटात हजर आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जोराचा पाऊस असताना आत जा, छत्री आणि खडू घेऊन, जमिनीवर जिथे थेंब पडतोय तिथे खूण करा, वर बघून कुठल्या वाशाजवळून येतोय ते लिहा, मोबाईलवर फोटो काढा. पाणी एका जागी शिरतं आणि कौलांखालच्या रीपेवरून घरंगळत दुसरीकडे पडतं हे लक्षात ठेवा, म्हणून वरून कौलं बघून गळती सापडत नाही, आतूनच सापडते. अशा तीन-चार पावसांचा नकाशा एकावर एक ठेवला की कळतं की 'सगळं छप्पर गळतंय' असं कधीच नसतं. गळतं ते ठरलेल्या जागी: दोन उतार मिळतात ती पन्हळ, भिंतीला छप्पर टेकतं तो सांधा, माडाची झावळी पडून कौलं फुटली ती जागा, आणि माकडं उड्या मारतात तो भाग. तेवढ्यावर आत्ता ताडपत्री टाका, नीट बांधून, आणि ती टाकायला छपरावर चढायची सवय असलेलाच माणूस वर पाठवा. श्रमदानाच्या उत्साहात ओल्या कौलांवर मुलांना अजिबात चढवू नका.

लाकूड कुजलंय हे कंत्राटदार खालून बघून सांगत असेल तर मानू नका. शिडी लावून प्रत्येक कैचीपर्यंत, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यापर्यंत, जायचं, हातोडीच्या दांड्याने ठोकायचं आणि टोचा घुसवून बघायचं. ठणठणीत आवाज आला आणि टोचा आत शिरला नाही की लाकूड चांगलं. बोद आवाज आला आणि टोचा लोण्यात शिरावा तसा गेला तर तेवढा भाग गेलाय. माझा अनुभव असा आहे की जुन्या लोकांनी वापरलेलं लाकूड, साग म्हणा, माट्टी म्हणा, किंदळ म्हणा, मधल्या लांबीत जवळजवळ नेहमी शाबूत असतं, कुजतात ती भिंतीत घुसलेली टोकं, कारण तिथे ओल राहते आणि वारा लागत नाही. टोक कुजलं म्हणून अख्खं तुळवट (तुळई) फेकायचं काही कारण नाही, कुजका भाग कापून त्याच जातीचं सुकं लाकूड तिरक्या सांध्याने जोडता येतं, बोल्ट आणि पट्ट्या मारून. हे काम करणारे सुतार आपल्याकडे अजून आहेत, मूर्तीचे मखर-रथ करणारे चारी-मेस्त शोधा, त्यांना हा सांधा शिकवावा लागत नाही. पण कुठला सांधा किती भार घेईल ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या, सहीशिक्क्यासकट, कारण पुढे पंचायतीत आणि समितीत तोच कागद बोलणार आहे.

कौलांच्या जागी पत्रे घालूया असं कुणीतरी नक्की म्हणणार. स्वस्त पडतं हे खरं आहे. पण पत्र्याखाली पावसात नटाचं वाक्य तिसऱ्या रांगेला ऐकू येत नाही आणि एप्रिलच्या दुपारी तालीम करता येत नाही. कौलं जुनी वापरा, गोव्यात रोज कुठेतरी जुनं घर पाडलं जातंय, तिथून चांगली कौलं मिळतात, प्रत्येक कौल वाजवून घ्यायचं, खणखणलं तर घ्या, फुटका आवाज आला तर ठेवून द्या. फक्त एक बघा, वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत नीट बसत नाही, म्हणून एका उतारावर एकाच छापाची कौलं लावा आणि उरलेली दुसऱ्या उतारावर. थोडी जास्तीची घेऊन ठेवा. आणि दरवर्षी मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं काढून, साफ करून, फुटकी बदलून परत बसवणं, झालीच पाहिजे. जुनी छपरं शंभर वर्षं टिकली ती दरवर्षीच्या शाकारणीमुळे, आणि ज्या वर्षापासून 'यंदा राहू दे' सुरू झालं त्या वर्षापासून ती कुजायला लागली.

भिंतींबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. चिरा हा दगड पाणी पितो आणि परत सोडतो. जुन्या बांधकामात चुना असायचा, चुनाही तसाच, त्यामुळे भिंत भिजली तरी वाळायची. कुणीतरी मग मजबुतीसाठी म्हणून बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर करतं, आतून ऑइलपेंट मारतं, आणि भिंतीतली ओल आतच अडकते. मग पांढरे क्षार फुटतात, पोपडे येतात, आतला चिरा भुसभुशीत होतो आणि लोक म्हणतात बघा, जुनं बांधकाम संपलं! संपलेलं काही नसतं, त्याला श्वास घेऊ दिलेला नसतो. सुटलेलं सिमेंट छिन्नीने हळूहळू काढा, हे काम श्रमदानाला अगदी योग्य आहे, घाई करू नका नाहीतर चिऱ्याचा दर्शनी थर निघून येतो, आणि जिथे ते घट्ट चिकटून बसलंय तिथे तूर्तास सोडून द्या. मग चुन्याचंच प्लॅस्टर, चुना नीट विरवून आणि मुरवून घेतलेला, आणि वरून चुन्याची सफेदी. चुन्याचं काम येणारा एखादा म्हातारा गवंडी तालुक्यात अजून असेल, त्याला बोलवा, त्याला वर चढायला लावू नका, खुर्ची देऊन खाली बसवा आणि दोन तरुण गवंड्यांना त्याच्या हाताखाली द्या. त्या माणसाची विद्या गावात राहणं हे त्या भिंतीइतकंच मोलाचं आहे.

पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडून तिथेच मुरत असेल तर आधी गटार काढा, बाकीचं नंतर. भिंतीत पिंपळ रुजला असेल तर तो उपटू नका, मुळांबरोबर दगड निघतात. कापायचा, आणि खोडाला औषध लावून मारायचा.

रंगमंचाच्या फळ्यांखाली पोकळी असते, ती बंद करू नका. त्या पोकळीमुळे पावलाचा, पखवाजाचा, पेटीचा आवाज भरून येतो, आणि खालून वारा खेळतो म्हणून लाकूड टिकतं. बहुतेक गावांत त्या पोकळीत जुने सेट, बांबू, फाटके पडदे कोंबलेले असतात आणि वाळवी तिथूनच वर चढते. सगळं बाहेर काढा, झाडा, जाळी लावून हवा खेळती ठेवा, वाळवीचं औषध लायसन्सवाल्याकडून मारून घ्या. आणि पीओपीचं फॉल्स सीलिंग कृपा करून करू नका. ते दिसायला छान दिसतं, पण वर गळती झाली, वाळवी लागली, वायर तापली, काहीच कळत नाही. शिवाय कौलं, लाकूड आणि उघड्या खिडक्या यांमुळे या जुन्या नाट्यगृहांत माईकशिवाय शब्द शेवटपर्यंत पोचतो, तिथे गुळगुळीत सीलिंग आणि चकचकीत टाइल्स बसवल्या की घुमायला लागतं, मग साउंड सिस्टिम घ्यावी लागते, मग कर्णकर्कश होतं. संगीत नाटकाचा आपला वारसा त्या आवाजावर उभा आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ, कुर्डीच्या गायिका मोगूबाई लहानपणी ज्या नाटक मंडळीत होत्या त्या काळचे कलाकार, यांच्यापुढे माईक नव्हता.

पडद्यांचं वेगळं सांगतो. तुमच्याकडे माळ्यावर जुने रंगवलेले पडदे असतील, राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ. सापडले तर लगेच उलगडून झटकायला जाऊ नका, धुवायला तर अजिबात नको, त्यातले रंग बहुधा पाण्याचे असतात, एका धुण्यात संपतात. घडी घातलेली असेल तर घडीवर रंग तडकतो, म्हणून जाड नळीवर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायचे, मध्ये स्वच्छ सुती कापड, आणि जमिनीपासून उंच, प्लॅस्टिकमध्ये नाही. उन्हात वाळवू नका. आधी फोटो काढा. नीट करायचे असतील तर चित्रं वाचवणाऱ्या जाणकारालाच दाखवा, गावच्या पेंटरकडून वरून रंग मारून घेऊ नका, तो कितीही चांगला असला तरी. गॅसबत्ती टांगायचे हूक, मेकअपच्या खोलीत भिंतीवर लिहिलेली नावं, जुनी तिकीट खिडकी, हे सगळं असू द्या, रंगकामात पुसलं जातं आणि मग कुणालाच आठवत नाही.

आगीबद्दल मी कडक आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शंभर वर्षं उभं राहिलेलं लाकूड एका रात्रीत गेलं. ज्यांनी त्या रंगमंचावर पाय ठेवला होता त्यांच्यापैकी कितीतरी जण त्या रात्री रडले. तेव्हा छपरानंतर लगेच वायरिंग. जुनी वायरिंग दुरुस्त करायची नाही, पूर्ण काढून टाकायची आणि नवीन पाइपातून, बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग यांसकट, लायसन्सधारक माणसाकडून. रंगमंचाच्या लाईटची लाईन वेगळी, हॉलची वेगळी, आणि प्रयोग संपला की मेन स्विच बंद करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. लाईट एलईडी घ्या, उष्णता आणि लोड दोन्ही कमी. अग्निशामक दलाला आधीच बोलावून दाखवा, ते चांगला सल्ला देतात. दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडणारे हवेत, प्रयोग चालू असताना एकाही दाराला कुलूप नको, आणि उत्सवात गर्दी झाली म्हणून मधल्या वाटेत खुर्च्या टाकायच्या नाहीत. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली, आणि तिथे जास्तीच्या खुर्च्या बसवून वाट अडवलेली होती. गावात कुणाला 'खुर्ची उचल' म्हणणं कठीण असतं हे मला ठाऊक आहे, तरी म्हणायचंच.

कागद. हे कंटाळवाणं वाटेल पण पैसे गोळा करण्याआधी हेच करा. एक-चौदाचा (जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा) उतारा आणि सर्व्हे प्लॅन काढा, जमीन देवस्थानची आहे, कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची) आहे की कुणा भाटकाराची (जमीनदाराची) ते बघा, इमारतीला घर क्रमांक आहे का आणि घरपट्टी कुणाच्या नावाने भरली जाते ते बघा. देवस्थानची असेल तर लक्षात ठेवा की आपली देवस्थानं अजून पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या नियमावलीवर चालतात, समिती तीन वर्षांनी बदलते, बजेट आणि मोठे खर्च मामलेदारांच्या नजरेखालून जातात. म्हणून आजच्या अध्यक्षांच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका, महाजनांच्या (देवस्थानच्या सभासदांच्या) आमसभेत ठराव घ्या, त्यात 'इमारत पाडायची नाही, दुरुस्त करायची' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पुढची समिती येऊन सगळं फिरवते. तुम्ही मुलंमुली महाजन नसाल तर वेगळी संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदवा आणि देवस्थानबरोबर लेखी करार करा. जुनी कागदपत्रं सापडत नसतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाऊन बघा, १५९५ पासूनचं दफ्तर आहे ते.

आणि याच कागदांत तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा लपलाय. जुनी इमारत बहुधा रस्त्याला आणि देवळाला अगदी खेटून आहे. दुरुस्ती केली तर ती आहे तिथेच राहते. पाडली तर नवीन बांधकामाला आजचे नियम लागतात, रस्त्यापासून अंतर, शेजाऱ्यापासून अंतर, पार्किंग, आणि बहुतेक ठिकाणी हिशोब केला की नवा हॉल जुन्यापेक्षा लहानच येतो. समितीला भावनिक भाषण देण्यापेक्षा एखाद्या आर्किटेक्टकडून हा नकाशा काढून घेऊन टेबलावर ठेवा. मी बघितलंय, तो नकाशा बघून कट्टर विरोधकसुद्धा गप्प बसून विचार करतात.

अर्थात विरोध करणाऱ्यांचंही ऐकून घ्या, मनापासून. त्यांना हॉल का हवाय? लग्नाला जागा हवी, संडास-बाथरूम नाही, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत. या गरजा खऱ्या आहेत. विशेषतः बायकांच्या मेकअप रूमची अवस्था आपल्या गावांत लाज वाटावी अशी असते, आतून कडी नाही, नळ नाही, कपडे बदलायला पडदा धरून उभं राहावं लागतं, आणि मग आपणच म्हणतो की मुली नाटकात यायला तयार नाहीत. मागच्या बाजूला छोटा वेगळा ब्लॉक बांधा, मेकअप रूम, दोन-तीन संडास, पाण्याची टाकी, आणि मूळ इमारतीला त्याचा भार किंवा ओल लागू देऊ नका. आत चढायला एक रॅम्प. माझ्या मते छपरानंतर गावाचं मन सगळ्यात जास्त जिंकतं ते हेच काम.

पैशांचं म्हणाल तर एकदम मोठा आकडा गावासमोर ठेवू नका, लोक घाबरतात आणि मग आमदार निधीची वाट बघत बसतात. टप्पे पाडा. पहिला टप्पा फक्त छप्पर, दुसरा वायरिंग, तिसरा मागचा ब्लॉक, भिंती आणि रंगमंच त्याच्यामागून. सभा चवथीत (गणेश चतुर्थीत) घ्या, तेव्हा मुंबई-पुण्याची, आखातातली, सगळी माणसं गावात असतात आणि घरातल्या जाणत्यांसमोर बसलेली असतात. गळतीचा नकाशा आणि फोटो भिंतीवर लावा. लोकांना 'देणगी द्या' म्हणण्यापेक्षा एक वासा, शंभर कौलं, एक दरवाजा असं मागा, देणाऱ्याला आपलं काय लागलं ते दिसतं. प्रत्येक रुपयाची पावती, आणि दर महिन्याचा हिशोब देवळाच्या फलकावर, कुणी विचारायच्या आधी. कला आणि संस्कृती खात्याच्या योजना आहेत, त्यांच्याकडे जा, पण सरकारी पैसा उशिरा येतो हे धरून चाला आणि त्याच्या भरवशावर छप्पर उघडून ठेवू नका. ऑडिट झालेले हिशोब असतील तर तिथे तुमचा अर्ज टिकतो, आयकर खात्याकडे संस्थेची आणि देणगीदारांना करसवलत मिळण्याची नोंदणी (जिला १२ए आणि ८०जी म्हणत आलेत) करून घेतली तर बाहेरची मोठी देणगीही मिळू शकते.

कामाचं वेळापत्रक साधारण असं धरा. आत्ता पावसात नकाशा, कागद, इंजिनिअर. चवथीत सभा आणि वर्गणी. दसऱ्यानंतर लाकूड-कौलं खरेदी, लाकूड सुकायला वेळ द्या. पाऊस पूर्ण थांबला की छपराचा एकेक भाग उघडायचा, अख्खं छप्पर एकदम कधीच नाही, आणि उत्सवाच्या पंधरा दिवस आधी काम थांबवून आवार साफ. जत्रा झाली की परत सुरू, मे च्या मध्यापर्यंत कौलं बसलेली हवीत कारण वळवाचा पाऊस तारीख विचारून येत नाही. यंदाचं नाटकही आत्तापासून ठरवा, कमी पात्रांचं, साध्या सेटचं, आणि दिग्दर्शकाला सांगून ठेवा की रंगमंच मिळाला नाही तर अंगणात करायचंय.

छपरातल्या लाकडांच्या टोकांचे फोटो काढाल तेव्हा बाजूला फूटपट्टी धरा आणि कैच्यांना दारापासून नंबर द्या, म्हणजे कुठली टोकं बदलावी लागतील ते मला इथूनही बऱ्यापैकी सांगता येईल. चवथीनंतरच्या आठवड्यात एका सुताराला घेऊन मी येऊ शकतो, शिडी तेवढी लांब बघून ठेवा.